रवळनाथाच्या खांद्यावरचं फूल

१

कौल लागून आख्खी रात्र उलटली, तरी रवळनाथाच्या डाव्या खांद्यावरचं फूल पडलं नव्हतं.

चारुता गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून त्या फुलाकडे बघत होती. पिटकुळीचं इवलंसं लाल फूल. आता ते सुकून काळपट झालं होतं, पाकळ्या आत वळल्या होत्या, पण पाषाणाला घट्ट धरून होतं. ओलं फूल दगडावर टिकतं ते फक्त पाण्याच्या जोरावर. पाणी वाळलं की फूल सुटतं, त्यात देवाचंही काही चालत नाही. मग हे कशाच्या जोरावर टिकलं?

आंबेखोल हे धामापूरच्या पुढचं, डोंगराच्या कुशीतलं गाव. गावामागे रवळनाथाची राई. उन्हाळ्यातही तिच्यात भरदुपारी अंधारून येतं. रानजायफळाची गुडघ्यासारखी वर आलेली मुळं, सुरंगी, सातवीण, ढोलीत अंडी उबवत बसलेली धनेशाची मादी आणि मधोमध बारमाही झरा. कणकवलीच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र शिकून आलेली चारुता वर्षभर त्या राईतली झाडं नोंदवत होती. आणि आता समुद्राकडे जाणारा नवा रस्ता बरोबर त्या झऱ्यावरून जाणार होता. राई राखीव, म्हणून गावाची संमती हवी. राई देवाची, म्हणून गावाने आधी देवाला विचारलं.

काल सकाळी सगळं गाव देवळात जमलं होतं. विठोबा गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओलं फूल लावलं. सत्यवान मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं: राईतून रस्ता जाऊ देऊ काय? उजवीकडचं फूल आधी पडलं तर देवाचा होकार, डावीकडचं पडलं तर नकार.

चारुता बायकांच्या घोळक्यात होती, शेजारी तिची मैत्रीण, विठोबाची सून श्रिया. फूल पडलं तेव्हा श्रियाने तिचा हात इतका घट्ट दाबला, की बांगडी रुतली. मग आतून विठोबाचा आवाज आला, "उजवो कौल." म्हणजे होकार. श्रियाचा हात गळून पडला.

उद्या सकाळी ग्रामसभा होती. तिथे संमतीचा ठराव झाला, की राई संपली.

"काय बघतंस गो?" मागून विठोबा गुरव आला. म्हातारा एका रात्रीत आणखी वाकल्यासारखा दिसत होता.

"काका, ह्या फूल अजून पडूक कसा नाय?"

"पडात. ता आपणहून पडल्याशिवाय देवाक आंघोळ घालूची नाय, अशी रीत आसा आमची."

"आधी कधी इतको वेळ रवलेला?"

विठोबाने एकदा त्या फुलाकडे निरखून पाहिलं. तो आत गेला. हात जोडले. मग दोन बोटांनी फूल हलकेच ओढलं.

फूल सुटलं नाही. ते ताणलं गेलं आणि त्याच्या देठाशी, समईच्या उजेडात, एक बारीक तार लकाकली.

२

"फणसाचो चीक," चारुता म्हणाली.

विठोबाने बोटं मागे घेतली. "देवाक कोणी बांधून घातल्यान," एवढंच तो पुटपुटला.

आता बघा, फणसाचा चीक म्हणजे काय ते कोकणात कुणाला सांगायला नको. हाताला लागला तर पाण्याने जात नाही, खोबरेल चोळावं लागतं. पूर्वी पोरं त्यावर पाखरं धरायची. डाव्या खांद्यावर चीक लावला, की ते फूल पडणारच नाही. उजवं आज ना उद्या पडणारच. म्हणजे देवाने होकार दिला नव्हता, त्याच्याकडून तो वदवून घेतला होता.

"काका, काल कौलाच्या आधी गाभाऱ्यात कोण कोण गेलेला?"

"मी. आणि सत्यवान, आंघोळीचो तांब्यो घेवन. दुसरो कोण जायत?" विठोबा कपाळ चोळत म्हणाला. "फाटफटीक श्रिया लादी पुसता, पाणी भरून ठेवता. पण ती घरचीच."

"रातचा देऊळ बंद होता?"

"कुलूप मीच घातलंय, मीच काढलंय. किल्ली माझ्या कमराक." त्याने वर पाहिलं. "चारुता, ह्या गावात कळला तर लोक पयलो हात माझ्यावर घालतले. फूल लावणारो मी."

ते खरंच होतं. चारुताने तसं तोंडावर म्हटलं नाही, पण मनात त्याचंही नाव लिहून ठेवलं. विठोबाच्या घरात गुरवपण किती पिढ्या होतं कुणास ठाऊक. पण माणूस गरजेपोटी काय करेल याचा नेम नसतो.

"उद्याच्या सभेपर्यंत कोणाक सांगू नकात," ती म्हणाली. "आणि फूल असाच ऱ्हवांदे."

देवळाच्या पायऱ्या उतरताना तिला समोरच्या पिंपळाखाली मोटरसायकलवर बसलेला सर्वेश दिसला. रस्त्याचं मातीकाम ज्याला मिळणार होतं, तोच सर्वेश. तो देवळाकडेच बघत होता, आणि तिला पाहताच त्याने गाडीला किक मारली.

३

चारुता सरळ त्याच्या शेडवर गेली. जेसीबी उभा असायचा ती जागा रिकामी होती. तेलाचे डाग तेवढे जमिनीवर होते.

"येवा, पोलीसबाई," सर्वेश पाना खाली ठेवत म्हणाला. "झाडा मोजून झाली? आता माणसा मोजूक इलंस?"

"सर्वेशदादा, देवळासमोर कशाक बसलेलस?"

"देवाक बघूक. बंदी आसा?"

"माका बघून पळालास म्हणान इचारतंय."

सर्वेशने हात फडक्याला पुसले. मग हसू ओठांवरून गेलं. "तुका वाटता कौलात काय तरी काळाबेरा आसा. माकाव तसाच वाटता."

चारुताला हे अपेक्षित नव्हतं. "तुका? तुझ्या तर मनासारखा झाला."

"मनासारखा? अगो, ह्या देवान राईतली सुकी काटकी तोडूक कधी हुकूम दिल्यान नाय, तो रस्त्याक देतलो? माका खात्री होती, कौल डावो येतलो. म्हणान आदल्या दिसाच मशीन कणकवलीक धाडलंय, तयचा काम घेतलंय. आगाव पैशे पण खावन बसलंय. आता इंजिनियर दर घटकेक फोन करता, मशीन खंय, मशीन खंय." त्याने खिशातला थरथरणारा फोन तिच्यासमोर धरला. "घे, तूच सांग तेका."

चारुताने फोन घेतला नाही. रिकाम्या जागेकडे मात्र पुन्हा एकदा पाहिलं. होकार वदवून घेणारा माणूस आपलं मशीन आदल्या दिवशी गावाबाहेर कशाला पाठवेल? सोंग घ्यायचं म्हटलं तर ते फारच महागाचं सोंग होतं.

"मगे तुझो संशय कोणार?"

सर्वेशने आवाज खाली आणला. "रस्तो झालो तर सगळ्यात जास्त कोणाची जमीन रस्त्याक लागता, ता बघ. आणि गाऱ्हाणा कोण घालता, ताव बघ."

४

सत्यवान मानकरी पडवीत सुपाऱ्या निवडत होता. चारुताचा प्रश्न संपायच्या आत त्याची मान ताठ झाली.

"शिरा पडो तुझ्या संशयार. माझ्या बापजाद्यांनी ह्या देवाक गाऱ्हाणी घातली."

"काका, मी नुसता इचारलंय."

"नुसता इचारूक पण तोंड जळाक व्हया." त्याने एक किडकी सुपारी अंगणात भिरकावली. "जमीन रस्त्याक लागता, ह्या खरा. भाव येतलो, ताव खरा. आणि राईतून रस्तो जाव नये म्हणान माझी बायल चार दीस माझ्याशी बोलूक नाय, ताव खरा. झाला समाधान?"

"गाभाऱ्यात काय केलात तुम्ही?"

"सगळ्या गावादेखत तांब्यो घेतलंय, देवाच्या डोक्यार पाणी घातलंय, भायर इलंय. दोन हात तांब्याक. चीक काय तोंडान लावतलंय?"

चारुता एकदम थांबली. "चीक होतो, ह्या तुमका कोणी सांगितला?"

आतून येणारा बायकोच्या बांगड्यांचा आवाज थांबला. सत्यवानने सूप खाली ठेवलं.

"विठोबा सकाळीच येवन रडान गेलो," तो हळू आवाजात म्हणाला. "ल्हानपणापासूनचे दोस्त आम्ही. तो माका सांगूक नाय तर कोणाक सांगतलो?"

ते खरं होतं की सावरून घेतलेलं? कुणाला सांगू नका असं तिने विठोबाला बजावलं होतं खरं. चारुता तिथून निघाली ती परसातल्या फणसाकडे नजर टाकूनच. बुंध्याशी एका कुयरीचा, म्हणजे कोवळ्या फणसाचा, देठ ताजा कापलेला होता. पण मग पुढच्या घरीही तसाच, आणि त्यापुढच्याही. आंबेखोलात फणस नसलेलं घर नव्हतं आणि या दिवसांत कुयरीची भाजी न झालेली चूल नव्हती. चिकावरून माणूस सापडणार नव्हता.

सापडला तर चीक लावायच्या वेळेवरून सापडणार होता. ते कसं शोधायचं, हे तिला घराच्या दारात पाऊल ठेवताना सुचलं.

५

"आता चटणी खंय वाटूची?" चारुताचे बाबा दारातून म्हणाले.

चारुताने पाटा अंगणात आणून उन्हात धुतला होता. देवाचा पाषाण आणि घरचा पाटा एकाच जातीचा काळा दगड. तिने पाट्याचा अर्धा भाग कोरडा होऊ दिला, अर्धा ओला ठेवला आणि दोन्हीकडे बोटाने फणसाचा चीक लावला. वरून तांब्याभर पाणी ओतलं. मग पिटकुळीची फुलं लावून ती बसून राहिली.

ओल्या भागावर चीक दगडाला धरतच नव्हता. त्याच्या गुठळ्या झाल्या आणि पाण्याबरोबर घरंगळून गेल्या. फूल थोड्याच वेळात पडलं. कोरड्या भागावरचा चीक मात्र पाण्याला दाद देईना. तिथलं फूल ऊन चढलं तरी जागचं हललं नाही.

"मीठमिरची घालून तो चीकच खावक घालशीत आता," बाबा म्हणाले आणि आत गेले.

चारुताचं लक्ष नव्हतं. देवाच्या खांद्यावरचा चीक दगड कोरडा असताना लावलेला होता. म्हणजे आंघोळीच्या आधी. सत्यवान गाभाऱ्यात गेला तो पाणी घालायलाच. त्याच्या आधी चीक लागून गेलेला होता. मानकरी सुटला.

उरली दोन माणसं. किल्ली कमरेला लावणारा विठोबा आणि पहाटे लादी पुसणारी त्याची सून, श्रिया.

विठोबाला चिकाची गरज काय? फुलं तोच लावायचा. एका फुलाला पाणी कमी, एकाला जास्त, एवढ्यानेही त्याचं काम झालं असतं. आणि आपलं पाप लपवायचं असतं तर ते फूल ओढून तार दाखवायला तो गेलाच नसता.

राहिली श्रिया. इथे मात्र चारुताचं डोकं चालेना. लग्न होऊन गेल्या वर्षी गावात आलेली श्रिया. नवरा मिहीर गोव्याला नोकरीला, म्हणून रोज राईतल्या झऱ्यावर एकटी जाणारी आणि धनेशाच्या ढोलीखाली बिया वेचत बसणारी. राईतल्या झाडांना दोरी लावून घेर मोजताना दोरीचं दुसरं टोक कायम तिच्याच हातात असायचं. रस्त्याच्या नावाने ती दोनदा चारुताच्या खांद्यावर रडली होती.

राई मरावी म्हणून देवाला चीक लावणारी ती शेवटची. आणि तरी हिशेब तिच्याशीच येऊन थांबत होता.

६

दुपार कलताना चारुता झऱ्यावर गेली. श्रिया कळशी भरत होती. चारुताला पाहून तिने हसायचा प्रयत्न केला.

"चेहरो कसो झालोहा तुझो," ती म्हणाली. "जेवलंस तरी?"

"श्रिया, तुझो बापूस पण गुरव ना?"

"व्हय. खाडीच्या पलीकडे, भूमकादेवीचो. कित्याक?"

"तुमच्याकडे कौल कसो लावतत?"

श्रिया क्षणभर घुटमळली. पण माहेरचा विषय निघाला की कोणत्या सासुरवाशिणीला राहवतं? झऱ्यात एक उभा काळा दगड होता. तिने कडेची दोन रानफुलं तोडली, ओली केली आणि दगडाच्या दोन बाजूंना चिकटवली.

"मी बापाशीच्या मांडीर बसान बघलंय. असो लावतत. ह्यो डावो," तिने आपल्या डाव्या हाताकडचं फूल दाखवलं, "आणि ह्यो उजवो." तिचं बोट तिच्या उजव्या हाताकडच्या फुलावर टेकलं.

चारुताने त्या बोटाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

कॉलेजात बेडूक चिरायला शिकवताना मॅडम पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावत. समोर उताण्या ठेवलेल्या बेडकाची उजवी बाजू तुमच्या डाव्या हाताला येते. उजवं-डावं त्याचं मोजायचं, आपलं नाही. पहिल्या तासाला निम्मा वर्ग चुकायचा.

"श्रिया," ती सावकाश म्हणाली, "आमच्याकडे देवाचो हात धरतत."

"म्हणजे?"

"उजवो म्हणजे देवाचो उजवो. आपल्या डाव्या हाताकडचो."

श्रिया त्या दगडाकडे बघत राहिली. कळशीच्या तोंडावरून पाणी वाहू लागलं, तिने ती ओढली नाही.

काल तिने हात का दाबला होता, ते चारुताला आता उमगलं. विठोबाने अजून तोंडही उघडलं नव्हतं तेव्हा. होकाराचं फूल पडू नये म्हणून तिने आपल्या उजव्या हाताकडच्या, म्हणजे देवाच्या डाव्या, खांद्याला चीक लावला होता. समोरून डावीकडचं फूल पडताना श्रियाने पाहिलं आणि तिच्या माहेरच्या रीतीने राई वाचली होती. मग आतून आवाज आला, "उजवो कौल."

"माका कोणीच सांगूक नाय," श्रियाचा आवाज फुटला. "लग्नानंतर हयचो कौल मी पयल्यांदाच बघलंय. मी समाजलंय, सगळीकडे सारख्याच असता."

"सगळ्यांकाच तसा वाटता. म्हणान कोणी सांगणा नाय."

"कालपासून मी काय समाजान बसलंय, म्हायत आसा?" ती खडकावर बसली. "मी तेका नाय म्हणूक लावलंय आणि तो व्हय म्हणालो. माका वाटला, देवान माका शिक्षा केल्यान. माझ्या पापापायी राई गेली."

वर कुठेतरी धनेशाच्या पंखांचा भाता चालल्यासारखा आवाज घुमत गेला.

चारुता एवढा वेळ गुन्हेगार शोधत होती. आता सापडल्यावर तिला तो नको झाला होता. गप्प बसावं तर उद्या ठराव होणार. कौलात खोट होती एवढंच सांगावं, तर गाव विठोबाला फाडून खाणार. नाव सांगावं तर गुरवाच्या घरातली नवी सून देवाला फसवणारी म्हणून जन्मभर मिरवणार.

"तू काय नको सांगू," श्रिया उठत म्हणाली. तिने कळशी कमरेवर घेतली. "मी सांगतंय. पण आधी मामंजींक. तू नुसती माझ्यावांगडा चल."

७

सकाळी सभामंडप भरला. ग्रामसेवक ठरावाचा कागद घेऊन बसले. त्यांनी वाचायला सुरुवात केली, "ग्रामदेवतेच्या कौलानुसार ग्रामस्थांची संमती—"

"थांबा," विठोबा गुरव उभा राहिला. "कौल खोटो."

त्याने सगळं सांगितलं. चीक कुणी लावला, का लावला आणि तो उलटा कसा पडला, यातलं काहीही झाकलं नाही. श्रिया खांबाशी उभी होती, पदर घट्ट धरून. चारुता तिच्याजवळ सरकली.

मग जो गलका उठला त्यात देवाचं नाव कुणाच्याच तोंडी राहिलं नाही. कुणी म्हणालं, गुरवपण काढून घ्या. कुणी म्हणालं, सून माहेरी धाडा. मागून एकजण ओरडला, "परत कौल लाव, म्हणजे झाला."

"नाय," विठोबा म्हणाला. आवाज चढवला नव्हता, तरी मंडप गप्प झाला. "एकदा आमच्याच घरान तेका फसवल्यान. परत इचारूक माका तोंड नाय. आणि खरा सांगू? तेचा घर मोडूचा काय, ह्या तेकाच कशाक इचारतास? ज्यांका राईतून रस्तो व्हयो, तेणी हात वर करा. तुमचो निर्णय देवाच्या खांद्यार टाकू नकात."

ग्रामसेवकांनी चष्मा सारखा केला. "ठीक आहे. संमतीच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत."

एक हात वर आला. मग मागून आणखी दोन. पुढचा हात अर्ध्यावर आला आणि त्या माणसाने त्याच हाताने कान खाजवला. देवाने सांगितलं म्हणून राई द्यायला निम्मं गाव तयार होतं. आपल्या हाताने द्यायची वेळ आली, तेव्हा माणसं एकमेकांच्या कोपरांकडे बघत बसली. सत्यवान मानकऱ्याचे दोन्ही हात मांडीवर होते. बायको पलीकडून त्याच्याकडे बघत होती.

"ठराव नामंजूर," ग्रामसेवक म्हणाले. "रस्ता सड्यावरून वळवून न्यावा, अशी गावाची सूचना लिहू का?" मंडपातून होकार आला. सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळमाळावरचा, रस्ता लांबचा होता आणि खर्चाचाही. पुढे वरून काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. पण आज आंबेखोलाने राई दिली नव्हती.

माणसं उठायला लागली, तसा सत्यवान उभा राहिला. "बसा. अजून एक काम आसा."

त्याने श्रियाला पुढे बोलावलं. ती आली. तिने उंबऱ्यावर नारळ ठेवला. सत्यवानने हात जोडले आणि गाऱ्हाण्याच्या त्या जुन्या, चढत्या सुरात सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, आज तुझ्या पायाकडे ह्या लेकरू उभा आसा. तेच्या हातून तुझी आगळीक झाली. परक्या गावचा, रीत ठावक नाय. तरी जा केल्यान ता तुझीच राई राखूक केल्यान. तेका पदरात घे, तेच्या घरातली तुझी सेवा चालू ऱ्हवांदे रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला गावाचं उत्तर लागतं. त्याशिवाय ते देवापर्यंत जात नाही, असं मानतात. सत्यवान थांबला.

कुणीच बोललं नाही. श्रियाने मान वर केली नाही. आपण बोललो तर ते मैत्रिणीचं बोलणं ठरेल, हे चारुताला कळत होतं. ते गावाच्या तोंडून यायला हवं होतं.

दाराशी, चपलांच्या ढिगापाशी, ज्याचं रस्त्याचं काम आता गेलं होतं तो सर्वेश उभा होता. त्याने खिशात वाजणारा फोन बंद केला.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.

आणि मग सगळा मंडप.